तासाला दहा सेंट: महापौर हेन्री लोब यांस खुले पत्र

मा. हेन्री लोब,
माजी महापौर, मेम्फिस, टेनेसी यांस,

तुम्ही १९९२ साली वारलात. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, हे ठाऊक असूनही ते तुमच्याच नावाने लिहितो आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत तुमच्या शहराचे १,३०० सफाई कामगार पगारवाढीसाठी कामावर गेले नाहीत आणि तुम्ही त्यांना जी उत्तरं दिलीत, ती उत्तरं तुमच्याबरोबर संपली नाहीत. संप बेकायदेशीर आहे. आधी कामावर या, मग बोलू. तिजोरीत पैसा नाही. बाहेरचे पुढारी आमच्या साध्या माणसांना भडकवताहेत. ही चारही वाक्यं मी माझ्या मुंबईत, माझ्या भाषेत, पालिकेच्या अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आहे. ज्याने ती सर्वांत महाग किमतीला वापरली त्याच्याशीच एकदा बोलावं, म्हणून तुम्ही.

पहिल्यांदा त्या दोघांबद्दल. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये धो धो पाऊस होता. तुमच्या कचरागाडीवरचे एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर आडोशासाठी गाडीच्या मागच्या भागात शिरले, जिथे कचरा दाबला जातो तिथे. गोऱ्यांच्या वस्तीत कचरावाला काळा माणूस कुणाच्या ओसरीवर पाऊस थांबेपर्यंत उभा राहिलेला रहिवाशांना खपत नसे, म्हणून त्यांना तीच जागा उरली होती. कचरा दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं आत चिरडून मेले. जुन्या गाड्या धोकादायक आहेत, ही तक्रार कामगारांनी त्याआधीच केलेली होती.

तुमच्या शहराने त्यांच्या घरच्यांना काय दिलं? एक महिन्याचा पगार आणि मातीसाठी ५०० डॉलर. रोजंदारीवरच्या माणसाला अपघाताची भरपाई लागू नव्हती, त्यामुळे एवढंसुद्धा नियमाने नव्हे, मेहेरबानी म्हणून. त्याच सुमाराला गटार खात्यातल्या बावीस काळ्या कामगारांना पाऊस आहे म्हणून पूर्ण दिवसाची मजुरी न देता घरी पाठवलं गेलं. त्यांच्यावरचे गोरे मुकादम मात्र थांबले आणि त्यांना दिवसभराचा पगार मिळाला. पाऊस दोघांवरही सारखाच पडत होता.

लोबसाहेब, या खात्यात काय चालतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. १९५६ ते १९६० या काळात त्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे आयुक्त तुम्हीच होतात. त्यानंतर एकदा महापौर झालात, आणि १ जानेवारी १९६८ ला दुसऱ्यांदा. घरामागच्या अंगणात जाऊन कचरा पत्र्याच्या टबात भरायचा, तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत यायचं, आणि गळक्या टबातलं पाणी, त्यातल्या अळ्या मानेवरून सदऱ्यात उतरू द्यायच्या, हे काम कसं होतं ते तुम्ही जवळून पाहिलेलं होतं. घरी आल्यावर ही माणसं कपडे दाराबाहेर काढून ठेवत. तुमच्या घराण्याचा व्यवसाय धुलाईचा, लॉन्ड्रीचा. मळलेल्या कपड्यांची तुम्हाला पिढीजात जाण होती.

त्यांची मजुरी तासाला पावणेदोन डॉलरच्या आसपास. कोल आणि वॉकर मेले त्याच १ फेब्रुवारीला अमेरिकेतलं किमान वेतन तासाला १ डॉलर ६० सेंट झालं. म्हणजे वर्षानुवर्षं काम केलेला माणूस किमान वेतनाच्या जेमतेम वर होता. आठवडाभर राबूनही सुमारे ४० टक्के कामगारांची घरं सरकारी मदतीला पात्र ठरत होती. ज्या शहरासाठी ते राबत होते ते त्यांना पोटापुरतं देत नव्हतं, आणि त्या उणिवेची भरपाई पुन्हा सरकारी मदतीतूनच व्हायची होती. तुम्ही काटकसरी कारभाराबद्दल नावाजले जात होता. ती काटकसर कुणाच्या ताटातून होत होती, हे इथे लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारीला ते कामावर आले नाहीत. त्यांचा पुढारी टी. ओ. जोन्स हा त्यांच्यातलाच, कचरा उचललेला माणूस. १९६३ मध्ये युनियन बांधतो म्हणून त्याला तेहतीस जणांसकट कामावरून काढलं होतं. मागण्या मोजक्या होत्या: पगारवाढ, सुरक्षित गाड्या, ओव्हरटाइम, तक्रार मांडायची रीतसर पद्धत, युनियनला मान्यता आणि युनियनची वर्गणी पगारातून कापून घेण्याची सोय. या शेवटच्या दोन गोष्टींवर तुम्ही अडून बसलात. पैशाबद्दल घासाघीस करायला तुमची थोडीफार तयारी होती. कागदावर सही करून यांना समोरच्या बाजूचा पक्ष म्हणून मान्य करायला मात्र अजिबात नव्हती.

इथेच तुमचा खरा गुन्हा आहे, असं माझं म्हणणं. तुम्ही कामगारांचा तिरस्कार करत होता असं मी म्हणत नाही. तुम्ही स्वतःला त्यांचा पालनकर्ता समजत होता. तुमच्या दफ्तराचं दार उघडं असायचं. कुणीही यावं, गाऱ्हाणं सांगावं, महापौर ऐकून घेतील आणि मनाला आलं तर काही करतील. एकेकट्याने टोपी हातात धरून आलेला कामगार तुम्हाला चालत होता. तेराशे जण एकत्र, डोक्यावर टोपी ठेवून, हक्क म्हणून बोलायला आले, तेव्हा तुम्हाला ते बंड वाटलं. मालकाने नोकराला सणाला धोतरजोडी द्यावी आणि नोकराने पगार मागितला की घराबाहेर काढावं, त्यातला हा प्रकार.

कायदा तुमच्या बाजूने होता, हे खरं आहे. टेनेसीत पालिका कामगारांना संपाचा हक्क नव्हता, आणि १९६६ च्या संपाच्या प्रयत्नाविरुद्धचा मनाई हुकूम तुमच्या फायलीत तयार होता. पण धोकादायक गाडी दुरुस्त करायला कायद्याने कधी हरकत घेतली होती? विधवेला महिन्याच्या पगारापेक्षा जास्त देऊ नका, असं कुठल्या कलमात लिहिलं होतं? कामगारांशी लेखी करार करायचाच नाही ही तुमची भूमिका होती, आणि कायद्याचं नाव तिच्या राखणीला ठेवलेलं होतं. संप सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोच, सुमारे १०,००० टन कचरा साचलेला असताना, तुम्ही बदली माणसं भरती करायला सुरुवात केलीत आणि पोलिसांच्या पहाऱ्यात मोजक्या गाड्या फिरवल्यात. त्या पहाऱ्याला पैसा होता. मजुरीला नव्हता.

मग २२ फेब्रुवारी. त्या वर्षी मेम्फिसला नवी नगरपरिषद आली होती, तेरा सदस्यांची, त्यांपैकी तीन काळे. परिषदेच्या समितीपुढे कामगार शेकड्यांनी येऊन बसले, हलेनात. तिथेच पाव आणले, सँडविचं केली, खाल्ली. शेवटी समितीने शिफारस केली: युनियनला मान्यता द्या, वर्गणी कापा. संप तिथेच, अकराव्या दिवशी, मिटला असता. दुसऱ्या दिवशी पूर्ण परिषदेने ती शिफारस बाजूला सारली आणि सगळा अधिकार महापौरांचा असा ठराव करून मोकळी झाली. लोक सभागृहातून बाहेर पडून रस्त्याने निघाले, तेव्हा पोलिसांनी त्यांच्या डोळ्यांत मेस हा रासायनिक फवारा मारला. त्यात धर्मोपदेशक होते, म्हातारे होते, आयुष्यात कधी मोर्चा न पाहिलेले होते. त्या दिवसापर्यंत हा कचरा खात्यातला पगाराचा तंटा होता. फवाऱ्यानंतर मेम्फिसची सगळी काळी वस्ती, चर्चसकट, संपात उतरली. तुमच्या परिषदेने आणि तुमच्या पोलिसांनी दोन दिवसांत जे केलं, ते जोन्सला पाच वर्षांत जमलं नव्हतं.

आता एका माणसाबद्दल सांगतो, कारण त्याचा आमच्याशी संबंध आहे. त्या चळवळीची आखणी करणाऱ्या समितीचे प्रमुख रेव्हरंड जेम्स लॉसन हे मेम्फिसच्या सेंटेनरी मेथॉडिस्ट चर्चचे पाद्री. बाहेरचे लोक येऊन शिकवतात, असं तुम्हाला आणि तुमच्या वर्तमानपत्रांना वाटत होतं. लॉसन शिकले होते ते आमच्या नागपुरात. कोरियाच्या युद्धात सैन्यात जायचं नाही म्हणून तुरुंगवास भोगून हा तरुण १९५३ ला मिशनच्या कामासाठी नागपूरला आला आणि १९५६ पर्यंत हिस्लॉप कॉलेजात राहिला. गांधींना जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं हयात होती, सत्याग्रह कसा करायचा हे पुस्तकातून नव्हे तर केलेल्या माणसांकडून कळत होतं. मॉन्टगोमेरीतल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी लॉसननी वाचली ती नागपूरच्या वर्तमानपत्रात. नंतर ते मार्टिन लूथर किंगना भेटले, आणि दक्षिणेतल्या शेकडो तरुण मुलामुलींना अहिंसेचे धडे दिले. मार खाताना हात कसा वर उचलायचा नाही, हेही त्यांनी शिकवलं. मेम्फिसला किंगना बोलावणारे तेच. २०२४ च्या जूनमध्ये ते वारले तेव्हा आमच्याकडच्या किती वाचकांना हे नातं माहीत होतं, कोण जाणे. मला तरी ते फार जवळचं वाटतं. नागपुरात वावरलेला माणूस मेम्फिसच्या कचरावाल्यांच्या पुढे चालत होता, आणि समोर तुम्ही होता.

१८ मार्चला किंग मेम्फिसला आले आणि मेसन टेंपलमध्ये हजारोंपुढे बोलले. मुद्दा सरळ होता: इतक्या श्रीमंत देशात पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाने भुकेला राहायचं, हा अन्याय आहे. २२ मार्चचा मोर्चा बर्फामुळे रद्द झाला. मोर्चा निघाला तो २८ मार्चला. कामगारांच्या गळ्यात पाट्या होत्या: मी माणूस आहे. महापौरसाहेब, इतकी साधी मागणी कुठल्या पालिकेपुढे आली असेल? तुम्ही ब्राउन विद्यापीठात शिकलेले, दुसऱ्या महायुद्धात नौदलात बोट चालवलेले. हिटलरविरुद्धच्या लढाईतून परत आलेल्या माणसाला ही पाटी वाचून काय वाटलं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

त्या दिवशी मोर्च्याच्या मागच्या बाजूला काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या. ते चूक होतं, आणि किंग-लॉसन दोघांनीही ते चूक मानून मोर्चा तिथेच थांबवला. तुमच्या पोलिसांनी मात्र काचा फोडणारे आणि पाट्या घातलेले असा फरक केला नाही. अश्रुधूर चर्चपर्यंत गेला. लॅरी पेन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. सुमारे ४,००० सैनिक शहरात आले, संचारबंदी लागली. आणि दुसऱ्या दिवशी कामगार पुन्हा चालत निघाले, त्याच पाट्या घालून, दोन्ही बाजूंना बंदुकांच्या संगिनी आणि लष्करी गाड्या. चालताना एकानेही दगड उचलला नाही.

तो मोर्चा बिघडला म्हणूनच किंगना परत यावं लागलं. शांततेने मोर्चा काढता येतो हे दाखवल्याशिवाय त्यांना वॉशिंग्टनमध्ये आखलेल्या गरिबांच्या मोहिमेकडे वळता येत नव्हतं. ३ एप्रिलच्या रात्री वादळी पावसात ते शेवटचं भाषण करून गेले. ४ एप्रिलला संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी लागली. गोळी तुम्ही झाडली नाहीत. जेम्स अर्ल रे याला त्यासाठी ९९ वर्षांची शिक्षा झाली. पण किंग त्या गॅलरीत उभे का होते, याचं उत्तर तुमच्या टेबलावरच्या सही न झालेल्या कागदात आहे.

तेराशे माणसं, आणि शेवटी मान्य झालेली पहिली वाढ तासाला दहा सेंट. हिशेब करा, तुम्ही व्यापाऱ्याच्या घरातले आहात. सगळ्यांचे मिळून तासाला १३० डॉलर होतात.

आणि त्यानंतर? दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला, गोरे-काळे अनेक धर्मगुरू चालत तुमच्या दफ्तरात आले. तुमच्याच शहरातल्या सिनेगॉगचे रबाय जेम्स वॅक्स यांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं की मेम्फिसच्या आणि टेनेसीच्या कायद्यांहून मोठे कायदे असतात. तरीही तुम्ही हललात नाही. ८ एप्रिलला कोरेटा किंग, नवऱ्याचं दफन व्हायच्या आधी, मुलांना घेऊन मेम्फिसला आल्या आणि सुमारे ४२,००० माणसं एक शब्द न बोलता तुमच्या नगरभवनासमोरून गेली. त्या बाईच्या जागी आपल्या घरातलं कुणी ठेवून बघा. अध्यक्ष जॉन्सननी मजूर खात्याचे उपसचिव जेम्स रेनॉल्ड्स यांना धाडलं आणि मग कुठे, संपाच्या ६५ व्या दिवशी, १६ एप्रिलला तडजोड झाली.

तडजोडीत काय होतं? १ मेपासून तासाला दहा सेंट, १ सप्टेंबरपासून आणखी पाच. युनियनला मान्यता. वर्गणी पगारातून थेट नव्हे तर कामगारांच्या पतपेढीमार्फत कापायची, म्हणजे तुम्हाला म्हणता येईल की पालिकेने कापली नाही. तुमचा शब्द राखायला एवढी पळवाट कामगारांनी दिली, आणि ती २२ फेब्रुवारीलाही देता आली असती. पगारवाढीला चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही, हे तुमचं तोवरही चालूच होतं. मेम्फिसचे उद्योगपती एब प्लाव यांनी नव्या अंदाजपत्रकापर्यंत पुरेल इतकी रक्कम, सुमारे ५०,००० डॉलर, स्वतःच्या खिशातून दिली. साऱ्या शहराला जो प्रश्न पैशाचा म्हणून सांगितला गेला, तो एका माणसाच्या एका चेकने मिटला.

आता आमच्याकडे वळतो, कारण आम्हाला तुमच्याकडे बोट दाखवून मोकळं होता येणार नाही. मुंबई महापालिकेसाठी वर्षानुवर्षं कचरा उचलणारे २,७०० कंत्राटी कामगार आपल्याला कायम करा म्हणून २००७ पासून कोर्टात लढत होते. हे आमचे कामगारच नव्हेत, असं पालिका सांगत राहिली. तुम्ही युनियन मानायला नकार दिलात. आमच्याकडे त्याच्या पुढे जाऊन कामगारच मानायला नकार दिला गेला. औद्योगिक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे पालिका हरली. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकांवरून शेकडो जण लटकत राहिले. दहा वर्षं वकिलांना पैसे देत राहण्याची ऐपत असलेली ही देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आहे.

२०१९ च्या जानेवारीत मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर होते. त्या संपात प्रशासनाने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा, बाहेर काढला, आणि वसाहतीत राहणाऱ्या कामगारांना घरं रिकामी करायच्या नोटिसा बजावल्या. पगाराचा वाद चालू असताना माणसाच्या बायकामुलांच्या डोक्यावरचं छप्पर मध्ये आणायचं, हे तुम्हालाही सुचलं नव्हतं. करोनात याच शहराने सफाई कामगारांसाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी कुणाचा पगार वाढला नाही, आणि त्यांतल्या कंत्राटी माणसाला आजही मास्क, हातमोजे, रजा मागितली की मुकादमाचं उत्तर तयार असतं: उद्यापासून येऊ नकोस.

तुमच्याकडे रंग होता, आमच्याकडे जात आहे. मुंबईत झाडू आणि गटार कुणाच्या वाट्याला आलं हे बघायला आकडेवारी लागत नाही, पालिकेच्या सफाई वसाहतीतल्या दारांवरच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. लॉसन नागपुरात राहून गेले त्याच वर्षी, १९५६ च्या ऑक्टोबरात, त्याच शहरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. माणूस म्हणून वागवून घ्यायला आमच्या लोकांना धर्म बदलावा लागला आणि तुमच्या लोकांना गळ्यात पाटी अडकवावी लागली. दोन्हीकडे पालिकेची गाडी मात्र रोज सकाळी तीच माणसं ओढत राहिली.

महापौरसाहेब, तुमच्यानंतरची एक गोष्ट कळवतो. त्या संपातल्या कामगारांना म्हातारपणी पालिकेचं पेन्शन नव्हतं, होती ती फक्त सोशल सिक्युरिटी. काही जण ऐंशी पार करूनही गाडीवर काम करत होते. २०१७ मध्ये, संपाला पन्नास वर्षं व्हायला आली तेव्हा, तुमच्याच शहराने हयात संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं ठरवलं आणि नगरपरिषदेने ती रक्कम ७०,००० केली. बहुतेकांच्या बाबतीत तोवर उशीर झाला होता. तरी मेम्फिसने देणं मान्य केलं, लेखी. तुम्ही जे नाकारलंत ते हेच.

आणि मराठी वाचकांनो, तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या शहरातले सफाई कामगार पुन्हा संपावर जातील, आणि तिसऱ्या दिवशी गल्लीत वास सुटेल. तेव्हा प्रभाग कार्यालयात फोन लावाल तो कचरा कधी उचलणार हे विचारायला लावू नका. आयुक्त कामगारांच्या प्रतिनिधींबरोबर बसले का, किती वाजता बसले, आणि कागदावर काय लिहून दिलं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

आपला,
मुंबईचा एक करदाता